मज्जारज्जूची इजा आणि हृदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजा मणक्याला झाली. हृदयाचा त्यात काय संबंध?

हृदयाला दोन बाजूंनी हुकूम येतात. वेग आवरणारी व्हेगस नस मेंदूच्या बुडातून निघते आणि मज्जारज्जूत न शिरता मानेतून थेट छातीत उतरते. त्यामुळे मानेत रज्जू तुटला तरी ती सहसा शाबूत राहते. वेग वाढवणारे, ठोका जोरकस करणारे सिंपथेटिक तंतू मात्र मज्जारज्जूतूनच खाली येतात आणि छातीच्या वरच्या पाच पातळ्यांवर, टी1 ते टी5 दरम्यान बाहेर पडतात. रज्जू त्याच्या वर दुखावला की मेंदूचा या तंतूंवरचा ताबा सुटतो. जोडीतला एक बैल सुटावा तसं होतं: गाडी चालते, पण उरलेल्या बैलाच्या बाजूला ओढली जाते.

इजेच्या दिवशी हृदयाच्या स्नायूला, झडपांना, धमन्यांना सहसा काही झालेलं नसतं (अपघातात छातीलाही मार बसला असेल तर गोष्ट वेगळी). पुढे जे बदल दिसतात ते ताबा सुटल्यामुळे आणि काम कमी झाल्यामुळे.

रिपोर्टवर डी6 लिहिलंय, पुस्तकात टी6. आमची पातळी नेमकी कोणती?

दोन्ही एकच. आपल्याकडे छातीच्या मणक्यांना डी म्हणायची सवय आहे, परदेशी लिखाणात टी असतं.

खरी गल्लत वेगळीच होते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कोणतं हाड मोडलं ते असतं. हृदयासाठी महत्त्वाची आहे ती मज्जारज्जूची पातळी, जी टाचणी आणि कापसाच्या बोळ्याने संवेदना तपासून आणि स्नायूंची ताकद बघून ठरते. रज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असल्याने या दोन पातळ्या जुळतातच असं नाही. रिहॅब डॉक्टरांकडून दुसरी पातळी लिहून घ्या, सोबत इजा किती पुरी आहे ते सांगणारी, ए ते डी यांतली श्रेणी.

आणखी एक खाच आहे. ही श्रेणी हालचाल आणि संवेदना यांची असते, बीपी आणि नाडी आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त तंतूंची नाही. पायाचा अंगठा थोडा हलतो म्हणून बीपीचा ताबा शाबूत आहे असं धरून चालू नका. उलटही घडतं.

पातळीनुसार हृदयावर काय फरक पडतो?

मानेची इजा असेल तर हृदय आणि खालच्या रक्तवाहिन्या, दोन्हींवरचा मेंदूचा ताबा जातो. बसल्या जागी वरचं बीपी 90 ते 110 च्या आसपास राहतं आणि कितीही जोर लावला तरी नाडी साधारण 110 ते 130 वर अडते. टी1 ते टी5 मध्ये चित्र मिश्र असतं. टी6 ही सीमा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आतडी, यकृत, प्लीहा यांच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे तंतू बहुतांशी त्याच्या आसपास आणि खाली निघतात. शरीरातलं बरंच रक्त याच भागात साठतं. म्हणून टी6 किंवा त्याच्या वरची इजा असली की बीपी उसळण्याचा धोका मोठा.

टी6 च्या खाली हृदयाकडची वायरिंग शाबूत असते. अडचण असते ती पायांच्या स्नायूंची. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं, तो पंप बंद पडलेला असतो. हृदयाकडे रक्त कमी परत येतं आणि ती तूट नाडी वाढवून भरली जाते. पॅराप्लेजियात (हात शाबूत, पाय लुळे) नाडी 85-90 दिसली तर बऱ्याचदा कारण हेच असतं. ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड हे आधी तपासून घ्यावं, एवढंच.

टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावा कप्पा लहान आलाय. हृदय खराब होतंय का?

मानेच्या इजेनंतर डावा कप्पा आकाराने आणि वजनाने कमी होणं हा ओळखीचा बदल आहे. स्नायूवर जेवढा भार, तेवढं त्याचं आकारमान. इथे भार दोन्हीकडून उतरतो: परत येणारं रक्त कमी, आणि ज्या बीपीविरुद्ध ढकलायचं तेही कमी. शिवाय सिंपथेटिक तंतूंची सततची चालना थांबलेली असते. धडधाकट माणसांना सहा आठवडे अंथरुणावर झोपवून केलेल्या अभ्यासात डाव्या कप्प्याचं वजन सुमारे 8 टक्क्यांनी उतरलं होतं. म्हणजे नुसत्या पडून राहण्याचाही वाटा मोठा.

उलट, पॅराप्लेजियात बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर भिंती इतर कुणाच्याही जाड होतील तशाच जाड होऊ शकतात. ‘व्हीलचेअरवर आहे म्हणजे हृदय लहानच असणार’ हे गृहीतक तिथे लागू नाही.

ईएफ 60 टक्के आहे. म्हणजे सगळं ठीक ना?

ईएफ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं ते. हे प्रमाण आहे, आणि प्रमाण फसवतं. उदाहरणादाखल हिशेब करू. एका हृदयात ठोक्याआधी 100 मिलिलिटर रक्त भरतं, 60 बाहेर पडतं: ईएफ 60 टक्के. दुसऱ्यात 70 भरतं, 42 बाहेर पडतं: ईएफ पुन्हा 60 टक्केच. नाडी 65 धरली तर पहिलं हृदय मिनिटाला 3.9 लिटर देतं, दुसरं 2.7 लिटर. पॅराप्लेजिया असलेला माणूस नाडी 90 वर नेऊन ही तूट जवळपास भरून काढतो (42 गुणिले 90 म्हणजे 3.8 लिटर). मानेची इजा असलेल्याला मेहनतीच्या वेळी तेवढी मुभा नसते.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसती ईएफ न बघता कप्प्याचं भरण्याचं आणि रिकामं होण्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त आणि शक्य असेल तर स्ट्रेन (कप्प्याचा स्नायू किती आकसतो त्याचं माप) लिहून मागा. दोन वर्षांनी तुलना करायची वेळ आली की ‘नॉर्मल एलव्ही फंक्शन’ या एका ओळीचा काही उपयोग होत नाही.

एको करायला जाताना काय तयारी करावी?

लघवी काढून, युरोबॅग रिकामी करून जा. भरलेल्या मूत्राशयाने बीपी चढलं तर एकोतले आकडे त्या बीपीचे येतात, तुमचे नाहीत. पोटाचा बेल्ट लावून मोजणार की काढून, ते ठरवा आणि रिपोर्टवर लिहून घ्या. डाव्या कुशीवर झोपवताना पाठीमागे उशी आणि गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर लागते, नाहीतर स्पाझम (स्नायूंचा आपोआप येणारा आवळा) येऊन प्रोब निसटत राहतो. टेक्निशियनना तपासणीच्या वेळचं बीपी नोंदवायला सांगा. सकाळच्या बीपीच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांची वेळही सांगा, टिझानिडिनने बीपी चांगलंच उतरतं.

ईसीजीमध्ये एसटी (आलेखातला एक भाग) वर उचलला गेलाय, हार्ट अटॅक समजून कॅज्युअल्टीत सगळे घाबरले.

मानेच्या आणि छातीच्या वरच्या इजेत अर्ली रिपोलरायझेशन नावाचा नमुना बऱ्याचदा दिसतो. त्यात अनेक लीडमध्ये एसटी थोडा वर असतो, कारण व्हेगसचा जोर. पण हे घरी बसून ठरवायची गोष्ट नाही. उपाय सोपा आहे: प्रकृती बरी असताना काढलेला एक ईसीजी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. जुना आणि नवा शेजारी ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी तरीही करून घ्यावी.

आयसीयूत नाडी 40 वर येते, सक्शन करताना (नळीने कफ ओढताना) तर थांबल्यासारखीच होते. का?

मानेच्या इजेत पहिले दोन-तीन आठवडे हा धोका सर्वाधिक असतो. घशात नळी फिरली की व्हेगस चाळवते आणि तिला आवरणारं दुसऱ्या बाजूला कुणी नसतं. म्हणून सक्शनच्या आधी पूर्ण ऑक्सिजन, एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त सक्शन नाही, आणि नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपीन हाताशी. झटकन कूस बदलतानाही असं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत स्थिरावतं, कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो.

बीपी कमी आणि नाडीही मंद, हा न्यूरोजेनिक शॉक. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये नाडी सहसा धावते, इथे ती धावत नाही. मात्र अपघातातल्या पेशंटला दोन्ही एकदम असू शकतात, त्यामुळे रक्तस्राव नाही हे आधी नक्की करावं लागतं.

बीपी ठीक दिसतंय, तरी बीपी वाढवायचं इंजेक्शन का चालू आहे?

सुजलेल्या मज्जारज्जूत रक्त पोहोचावं म्हणून. इथे बघायचं ते सरासरी बीपी: खालचा आकडा दुप्पट करायचा, त्यात वरचा मिळवायचा, तिनाने भागायचं. 110/60 चं सरासरी 77 येतं. सध्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते पहिले 3 ते 7 दिवस किमान 75-80 ठेवायचं, पण 90-95 च्या वर न्यायचं नाही.

कोणत्या औषधाने, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2020 मध्ये डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात असं दिसलं की छातीच्या वरच्या भागातल्या इजेनंतर हृदयाची आकुंचनाची ताकद लगेचच उतरते, आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरएड्रिनॅलिनपेक्षा हृदयाला जोर देणाऱ्या डोब्युटामिनने मज्जारज्जूला ऑक्सिजन चांगला मिळतो, रज्जूतला रक्तस्रावही कमी राहतो. ही डुकरं होती, माणसं नव्हेत. त्यावरून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये.

बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रोज फिजिओ अर्धवट राहतो.

बसल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. क्रम असा ठेवा: झोपूनच पोटाचा बेल्ट आवळा (बरगड्यांच्या खाली, श्वास अडणार नाही इतपत), मग पायांना लांब स्टॉकिंग्ज किंवा क्रेप बँडेज, मग कॉटची डोक्याकडची बाजू 30 अंश, पाच मिनिटं थांबून 60, मग 90. प्रत्येक टप्प्यावर बीपी. पाय शेवटी खाली सोडायचे. खुर्चीत चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करून पाय वर घ्या. घाईने उचलून कॉटवर टाकायची गरज बहुधा पडत नाही.

भरपेट जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं, म्हणून फिजिओच्या आधी थाळीभर भात नको. पाणी आणि मीठ वाढवल्याने मदत होते. पण कॅथेटर ठरावीक वेळी घालणाऱ्यांनी हिशेब ठेवावा, एका वेळी 500 मिलिलिटरच्या आत लघवी निघाली पाहिजे. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, टिझानिडिन, बॅक्लोफेन या गोळ्या बीपी उतरवू शकतात, त्यांच्या वेळा बदलून पाहता येतात.

एवढ्याने भागलं नाही तर मिडोड्रिन ही बीपी वाढवणारी गोळी. साधारण 2.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात, बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि दिवसातला शेवटचा डोस झोपण्याच्या किमान चार तास आधी. नेमकी चूक इथेच होते. रात्री गोळी घेऊन आडवं झालं की बीपी भलतंच चढतं.

बीपी नेहमी 95/60 असतं. त्याला उपचार हवा का?

चक्कर, थकवा, दुपारी सुस्ती, वाचताना लक्ष न लागणं यातलं काही असेल तर हवा. नसेल तर आकडा नुसता लिहून ठेवा. पुढच्या प्रश्नात तोच कामाला येणार आहे.

अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम, आणि बीपी 160. हे काय?

ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. टी6 किंवा त्याच्या वरची इजा असलेल्या प्रत्येक घरात हा शब्द पाठ हवा.

इजेच्या खाली कुठेतरी टोचतंय, ताणलंय, दुखतंय. माणसाला ते जाणवत नाही. पण संदेश मज्जारज्जूत पोहोचतो आणि तिथल्या तिथे पोटापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बीपी चढतं. मेंदूला ते कळतं, तो ‘सैल सोडा’ असा हुकूम पाठवतो, पण हुकूम इजेच्या खाली उतरत नाही. त्याच्या हाती उरते व्हेगस, म्हणून नाडी मंदावते. इजेच्या वर लाली आणि घाम, खाली गार पडलेली त्वचा आणि शहारे.

नेहमीच्या वरच्या बीपीपेक्षा 20 ते 40 ने वाढ पुरेशी आहे. ज्याचं नेहमीचं बीपी 95 आहे त्याचं 135 झालं तरी तो झटका असू शकतो. 135 म्हणजे नॉर्मल असं म्हणून घरी पाठवलं जातं ते इथेच. लक्ष दिलं नाही तर फिट, मेंदूत रक्तस्राव, प्रसंगी मृत्यू.

काय करायचं, याच क्रमाने:

1. ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवं करू नका. चक्कर येणाऱ्याला आडवं करायची आपली सवय इथे जीवावर बेतते.
2. पोटाचा बेल्ट, स्टॉकिंग्ज, पॅन्टचं बटण, युरोबॅगचा पट्टा, बूट सैल करा.
3. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी.
4. मूत्राशय बघा, बहुतेक वेळा दोषी तेच असतं. कॅथेटर असेल तर नळीला पीळ, मांडीखाली दबलेली नळी, भरलेली पिशवी तपासा. गाळ अडकला असेल तर 10-15 मिलिलिटर कोमट सलाईन हळूच सोडा. बीपी उतरलं नाही तर कॅथेटर बदला. कॅथेटर नसेल तर जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून दोन मिनिटं थांबा, मग घाला. ओटीपोट दाबू किंवा थोपटू नका.
5. मग शौच. वरचं बीपी 150 च्या वर असेल तर आधी औषध, मग तपासणी. गुदद्वारात लिग्नोकेन जेली लावून थोडं थांबायचं आणि अलगद मोकळं करायचं.
6. त्यानंतर बाकीचं: बेडसोर, आत वाढलेलं नख, खिशातली किल्ली, भाजलेली जागा, बायकांमध्ये पाळी किंवा प्रसूतीकळा.

औषध म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं, लवकर लागू पडणारं आणि ज्याचा असर लवकर ओसरतो असं: नायट्रोग्लिसरीन, कॅप्टोप्रिल किंवा निफेडिपिन. गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टाडालाफिल (दोन्ही लिंगाच्या ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीन अजिबात नको. पेशंटने लाजू नये आणि विचारणाऱ्यानेही संकोचू नये. कारण सापडून बीपी उतरलं तरी दोन तास लक्ष ठेवा. सापडलं नाही तर दवाखाना.

मानेच्या इजेत दिवसातून अनेकदा बीपी असं उसळतं आणि कित्येकदा लक्षणं काहीच नसतात. 24 तासांचा बीपी पट्टा लावून सोबत वही ठेवली (कॅथेटर, शौच, जेवण, बसणं यांच्या वेळा) की हे उघड होतं.

नाडी 120 च्या वर जातच नाही. व्यायामाचा जोर कशावर मोजायचा?

‘220 वजा वय’ हे सूत्र मानेच्या इजेत बाद. नाडी 110-130 पर्यंत पोहोचते ती मुख्यतः व्हेगसने पकड सोडल्यामुळे. त्यापुढे रेटणारे तंतू हुकुमाबाहेर आहेत. म्हणून दम मोजा: 0 ते 10 च्या पट्टीवर 5-6 म्हणजे मध्यम, 7-8 म्हणजे जोरकस. बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम.

2018 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा किमान 20 मिनिटं मध्यम ते जोरकस एरोबिक, आणि दोनदा, ज्यात हालचाल शिल्लक आहे अशा प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी ताकदीच्या व्यायामाचे तीन सेट. हृदय आणि चयापचयासाठी 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा. हाताचं पॅडल म्हणजे आर्म एर्गोमीटर, व्हीलचेअर ढकलणं, पोहणं, काहीही चालेल. खांदे सांभाळा, तेच आता तुमचे पाय आहेत.

व्यायामाने लहान झालेलं हृदय परत वाढतं का?

पॅराप्लेजियात बऱ्यापैकी. मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. मानेच्या इजेत नुसत्या हातांच्या व्यायामाने बदल तुटपुंजा होतो, कारण हलणारा स्नायूच कमी आणि परत येणारं रक्तही कमी. पायांच्या स्नायूंना विजेने चालना देणारी सायकल किंवा रोइंग जोडली तर भार वाढतो. व्यायाम सोडला की फायदाही काही आठवड्यांत ओसरतो.

काही खेळाडू मुद्दाम बीपी चढवतात, हे खरं का?

खरं. त्याला बूस्टिंग म्हणतात: कॅथेटर बंद करणं, पट्टा आवळणं, वेदना देणं. कामगिरी सुधारते, म्हणूनच पॅरालिंपिक समितीने त्यावर बंदी घातली आहे. हा वरचाच डिसरिफ्लेक्सिया आहे, तेच धोके.

छातीत दुखतच नसेल तर हार्ट अटॅक कळणार कसा?

हृदयाची वेदना मुख्यतः त्याच वरच्या पाच पातळ्यांतून वर जाते. म्हणून वरच्या इजेत ‘छातीत कळ, डावा हात जड’ हे चित्र नसू शकतं. त्याऐवजी अचानक धाप, मळमळ, जबड्यात अस्वस्थता, कारण नसताना वाढलेला स्पाझम, न थांबणारा घाम, बीपी एकदम पडणं. यातलं काही नवं दिसलं तर ईसीजी आणि ट्रोपोनिन.

ट्रेडमिल टेस्ट शक्य नसते, हातांच्या पॅडलवर नाडी पुरेशी चढत नाही. त्यामुळे औषध देऊन केलेला स्ट्रेस एको किंवा न्यूक्लियर स्कॅन, नाहीतर सीटी अँजिओ. ‘स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह’ वाचण्याआधी नाडी कितीपर्यंत गेली होती ते बघा.

वजन तर वाढलं नाही, मग कोलेस्टेरॉल का तपासायचं?

पायांचा स्नायू गेला आणि त्या जागी चरबी आली तर काटा तोच राहतो. म्हणून इथे बीएमआय 22 लाच स्थूलपणाची रेषा धरतात. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी आणि साखर वाढलेली, ही जोडी नेहमीची. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं मानेच्या इजेत फार आढळतं, त्याचा ताणही हृदयावरच येतो. स्लीप स्टडी टाळू नका.

एकच पाय सुजलाय, दुखत मात्र नाही.

दुखणार कसा? इजेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेत गुठळी होण्याचा धोका सर्वात जास्त असतो. पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा, फरक असेल तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). सोबत धाप किंवा धावती नाडी असेल तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं साधारण किमान आठ आठवडे देतात. मधेच सोडू नका.

विदर्भातल्या उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

इजेच्या खाली घाम येत नाही, आणि त्वचेकडे रक्त वळवून उष्णता टाकायचं कामही नीट होत नाही. मे महिन्यात 45 अंशांना कूलरचा वारा एकटा पुरत नाही, कारण वाळवायला अंगावर पाणीच नसतं. स्प्रेच्या बाटलीने हात, मान, मांड्या ओल्या करायच्या आणि मग पंखा. बर्फ थेट त्वचेवर नको: जाणवत नाही, जखम होते, आणि वर डिसरिफ्लेक्सिया.

मज्जारज्जूला वीज देऊन बीपी सुधारता येतं, असं वाचलं.

रज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड ठेवून केलेल्या उपचाराने बीपी सावरता येतं, हे अमेरिकेत लुइव्हिलमध्ये आणि स्वित्झर्लंड-कॅनडाच्या गटाने दाखवलं आहे. दुसऱ्या गटाचं काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. छातीच्या खालच्या पातळ्यांना चालना दिली की पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात, असा तो मार्ग. दिशा खरी आहे. पण हा उपचार रोजच्या वापरातला नाही. नाव सांगून पैसे मागणाऱ्याला कोणत्या चाचणीखाली करताय, हे विचारा.

खिशात कार्ड ठेवायचं तर त्यावर काय लिहावं?

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, लॅमिनेट करून, मराठी आणि इंग्रजीत. दाताच्या डॉक्टरांपासून भूल देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तेच दाखवायचं. नमुना:

‘मज्जारज्जू इजा सी6, श्रेणी ए. नेहमीचं बीपी बसून 95/60, झोपून 105/65. नाडी 58. वरचं बीपी 115 च्या वर गेलं तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया समजा: ताठ बसवा, कॅथेटर तपासा. कॅथेटर 16 नंबर, शेवटचा बदलला ता. ____. औषधं: ____. अ‍ॅलर्जी: ____. घरचा फोन: ____.’

कॅथेटरची तारीख पेन्सिलीने लिहा, म्हणजे खोडता येते. ती जागा लॅमिनेशनच्या बाहेर ठेवा.